बोर्ड बदलल्यावर रेड ॲरे उठतच नाहीये, एमडी१२७ इनॲक्टिव्ह दाखवतंय (४ डिस्क, रेड ५)

मालवणी_लेन्स (मालवण)

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलचक आहे पण सगळं एकदाच लिहून टाकतो म्हणजे परत परत विचारायला नको. माझा इथे फोटो-व्हिडिओचा धंदा आहे, लग्नं, बारशी, सीझनला तारकर्लीच्या स्कूबावाल्यांचं थोडंफार एडिटिंग, आणि हिवाळ्यात जत्रा लागल्या की दशावताराचं रात्रभराचं शूटिंग. हा सगळा माल ठेवायला एका जुन्या कॅबिनेटमध्ये ४ टीबीच्या ४ डिस्क टाकून लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड ५ केलेलं (चारही डिस्क मिळून एकच ॲरे, एक डिस्क गेली तरी माल वाचतो), एमडीएडीएम या लिनक्सच्या रेडवाल्या कमांडने, डेबियन १२, त्यावर एक्स्ट ४ फाइलसिस्टम. ओएस वेगळ्या एसएसडीवर आहे. इतकी वर्षं एकदाही कुरकुर नाही.

परवाच्या पावसात वीज कडाडली, लाईट गेली आणि आली तेव्हा बोर्ड मेलेला. कुडाळच्या मेकॅनिकने सेकंडहँड बोर्ड प्रोसेसर-रॅमसकट बसवून दिला, पहिला बोर्ड जुन्या बायोसवाला होता, हा यूईएफआयवाला (बायोसचा नवा अवतार) आहे, एसएसडी बूट होईना म्हणून त्याने सेटिंगमध्ये बरंच काहीतरी इकडेतिकडे केलं आणि मग ती एकदाची चालू झाली. आता मशीन चालू केलं की 'स्टार्ट जॉब इज रनिंग' असं म्हणत दीड मिनिट लटकतं, मग इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड द्या म्हणतं. पासवर्ड टाकून /प्रॉक/एमडीस्टॅट बघितलं तर

एमडी१२७ : इनॲक्टिव्ह एसडीडी[२](एस) एसडीई[४](एस)

एवढंच. एसडीबी आणि एसडीसी, म्हणजे बाकीच्या दोन डिस्क, यादीतच नाहीत. आणि आधी हे एमडी० होतं, १२७ कुठून आलं कळत नाही. बायोसमध्ये चारही डिस्क व्यवस्थित दिसतात, टकटक आवाज नाही, गरम नाहीत. डिस्कना अजून काहीही केलेलं नाही, नुसतं बघतोय. गणपती तोंडावर, एकदा चाकरमानी यायला लागले की मला श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि दोन मंडळांच्या जुन्या नाटकांची मूळ रेकॉर्डिंग फक्त यातच आहेत. काय करू?

बूट_लोडर (रत्नागिरी)

१२७ ला घाबरू नको. एमडीएडीएमला बूट होताना एखादा ॲरे 'आपला' वाटला नाही, म्हणजे कॉन्फ फाइलमध्ये त्याची ओळ नाही किंवा सुपरब्लॉकमधलं (प्रत्येक डिस्कवर ॲरेची माहिती लिहिलेला छोटा भाग) होस्टचं नाव जुळत नाही, की तो त्याला १२७ पासून उलट्या क्रमाने नंबर देतो. डेबियनमध्ये गंमत अशी की /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ तू नीट लिहिलीस तरी बूटच्या वेळी वापरली जाते ती इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी सिस्टिम) आतली कॉपी, आणि ती अपडेट-इनिटरॅमएफएस -यू मारल्याशिवाय बदलत नाही. फेडोरावाल्यांना हेच काम ड्रॅकट -एफ ने करायचं. निम्म्या लोकांचं 'रीबूटनंतर ॲरे गायब' एवढ्यावर सुटतं.

आधी एमडी१२७ स्टॉप कर (नाहीतर डिस्क अडकून राहतात आणि पुढच्या प्रत्येक कमांडला 'डिव्हाइस बिझी' येतं) आणि एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन --व्हर्बोज मारून काय बोलतंय ते इथे टाक. यात डिस्कवरच्या डेटाला काही होत नाही.

आणि एफएसटॅबमध्ये (बूटला काय काय माउंट करायचं त्याची यादी) त्या ॲरेच्या ओळीत नोफेल घाल. ओएस एसएसडीवर आहे ना, मग डेटाचा ॲरे नाही उठला म्हणून आख्खं मशीन इमर्जन्सीत का जावं? निदान एसएसएच तरी चालू राहील.

सरळसोट

एवढं कशाला, एमडीएडीएम --क्रिएट मार त्याच चार डिस्कवर रेड ५ म्हणून, डेटा तसाच राहतो, मी केलंय.

चिपळूणची_ॲडमिन (सध्या पुणे)

वरची क्रिएटवाली पोस्ट वाचून कोणी लगेच टर्मिनल उघडू नका प्लीज. मालवणी_लेन्स, तुम्ही तर नकोच.

क्रिएट म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो डिस्कवर नवा सुपरब्लॉक लिहितो, जुन्यात काय होतं ते पुसून. रेड ५ ला नुसतं क्रिएट मारलं की एमडी शेवटची डिस्क स्पेअर धरून बाकीच्या तिघींवरून ती नव्याने लिहायला घेतो, ताबडतोब, न विचारता. हिशेब एक्सॉरचा (बाकीच्या तिघींवरून चौथी काढायचा, ज्यात क्रमाने फरक पडत नाही) असल्यामुळे डिस्कांचा क्रम चुकला तरी कधीकधी तेच बाइट परत लिहिले जातात आणि माणूस म्हणतो 'मी केलंय, चाललं'. पण त्यातली एखादी डिस्क महिन्यांपूर्वीच ॲरेतून बाहेर पडलेली असेल तर तिच्यावरचा शिळा माल हिशेबात घुसून चौथ्या डिस्कवरचा चांगला डेटा बिघडवतो. आणि चुकीच्या क्रमाने उठलेल्या ॲरेवर कोणी एफएससीके (फाइलसिस्टम तपासणारी कमांड) 'दुरुस्त कर' म्हणून चालवलं तर मग खरंच संपलं, पुढे पैसे मोजूनही परत येत नाही.

आधी डिस्क काय सांगतात ते ऐकू. मला एवढं हवंय: चारही डिस्कचं एमडीएडीएम --एक्झामिन, चारहींचं एफडिस्क -एल, आणि स्मार्टसीटीएल -ए (डिस्कची तब्येत) मधले ५, १९७, १९८, १९९ हे आकडे (पहिले तीन खराब सेक्टरचे). सगळ्या वाचायच्या कमांड आहेत. आणि दोन प्रश्न, ॲरे आख्ख्या डिस्कवर केला होता की आधी पार्टिशन करून? आणि एसडीबी-एसडीसी या डिस्क ॲरेत यायच्या आधी दुसरीकडे कुठे वापरलेल्या होत्या का? हा दुसरा प्रश्न मुद्दाम विचारतेय.

खारी_हवा (अलिबाग)

सॉफ्टवेअरच्या आधी केबल बघा हो. आपल्याकडे समुद्राजवळ कॅबिनेट उघडं असलं की दोन पावसाळ्यांत कनेक्टरच्या पिना काळपट पडतात, विशेषतः पॉवरच्या. सॅटाची केबल काढून परत खोचली तरी कधीकधी काम होतं कारण घासून थर निघतो. वरती मॅडमनी १९९ मागितलाय तो याचसाठी, केबलवर बिघडलेल्या बाइटची मोजणी असते ती. फक्त एक, केबल बदलली तरी तो आकडा शून्य होत नाही, वाढायचा थांबला का एवढंच बघायचं. आमच्या इथे एकाने आकडा गेला नाही म्हणून तीन केबल बदलल्या.

आणि चार डिस्क एकदम फिरायला लागतात तेव्हा १२ व्होल्टवर चांगलाच ताण येतो, सेकंडहँड बोर्डाबरोबर एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पण जुनाच असेल तर एखादी डिस्क उशिरा उठते.

बूट_लोडर (रत्नागिरी)

उशिरा उठण्यावरून आठवलं, लक्षण हेच पण कारण वेगळं असलेली एक केस, पुढे कोणी हा धागा शोधत आला तर कामी येईल. एका प्रेसमध्ये ३ डिस्कचं रेड ५, लाईट झटक्यात गेली, परत आल्यावर एक डिस्क हजर नाही. डिस्क कमी असेल तर सिस्टिमडी ३० सेकंद वाट बघून ॲरे आहे तसा चालू करायला बघतो, पण लाईट लिहिता लिहिता गेलेली असल्यामुळे ॲरे 'डर्टी' पण होता, आणि डर्टी अधिक डिग्रेडेड असं कॉम्बिनेशन असलं की कर्नल साफ नाही म्हणतो, डीमेसेजमध्ये 'कॅनॉट स्टार्ट डर्टी डिग्रेडेड ॲरे' अशी ओळ येते. तो अडवतो ते बरोबरच आहे, पॅरिटी अर्धवट लिहिलेली असू शकते आणि गैरहजर डिस्कचा डेटा तर त्या पॅरिटीवरूनच काढायचा असतो.

तिथे एक्झामिनमधले इव्हेंट्स (ॲरेत बदल होईल तसा वाढणारा आकडा) बघायचे. सगळ्या डिस्कचे आकडे सारखे किंवा थोडेसेच मागेपुढे असतील तर स्टॉप करून, डिस्कांची नावं देऊन --असेंबल --फोर्स, बहुतेक वेळा उठतो. एखादीचा आकडा हजारोंनी मागे असेल तर ती कधीच बाहेर पडलेली आहे, तिला फोर्समध्ये घ्यायचं नाही, बाकीच्यांवर उठवून तिला नंतर नव्याने ॲड करायची.

मालवणी_लेन्स (मालवण)

घ्या.

असेंबल स्कॅन: एसडीबी आणि एसडीसी वर 'नो आरएडी सुपरब्लॉक' अशा अर्थाचं काहीतरी आणि शेवटी दोनच डिस्क मिळाल्या, चालू करायला पुरेशा नाहीत.

एक्झामिन, एसडीडी: व्हर्जन १.२, रेड ५, डिव्हाइसेस ४, चंक ५१२के, लेआउट लेफ्ट-सिमेट्रिक, डेटा ऑफसेट २६४१९२ सेक्टर, यूज्ड डेव्ह साइझ ७८१३७७२२८८ सेक्टर, स्टेट ॲक्टिव्ह, ॲरे स्टेट एएएए, रोल ॲक्टिव्ह डिव्हाइस २. एसडीई सगळं तेच, रोल ३. इव्हेंट्स दोघांचे अगदी सारखे.

एक्झामिन, एसडीबी आणि एसडीसी: नुसतं 'एमबीआर मॅजिक' आणि एक पार्टिशन, टाइप ईई. बाकी काही नाही.

एफडिस्क तर अजून विचित्र. एसडीडी-एसडीई वर पार्टिशन टेबल नाही, आणि एसडीबी-एसडीसी वर जीपीटी दाखवतंय, त्यात 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा' असं पार्टिशन!! मी लिनक्सवर असलं काही केलेलंच नाही.

स्मार्टमध्ये ५, १९७, १९८ सगळीकडे शून्य. १९९ एसडीईवर ६, बाकी शून्य.

ॲरे आख्ख्या डिस्कवरच होता, ज्या व्हिडिओवरून शिकलो त्यात तसंच होतं. आणि हो, त्या दोन डिस्क आधी माझ्या विंडोजच्या एडिटिंग मशीनमध्ये होत्या, बाकीच्या दोन रेड करताना नव्या घेतल्या. तुम्हाला कसं कळलं?

चिपळूणची_ॲडमिन (सध्या पुणे)

कळलं नव्हतं, शंका होती, आता खात्री झाली. तुमच्या डिस्क खराब नाहीत आणि डेटाही जागेवर आहे असं मला वाटतं. नव्या बोर्डाने त्या दोन डिस्कांवर परस्पर 'उपकार' केलाय.

नीट सांगते कारण हे समजलं की पुढची कृती आपोआप समजेल. जीपीटी पार्टिशन टेबल डिस्कवर दोनदा लिहिलेलं असतं, मूळ प्रत सुरुवातीला, सेक्टर १ ते ३३ मध्ये, आणि राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या ३३ सेक्टरमध्ये. तुम्ही विंडोजच्या डिस्क काढून थेट एमडीएडीएमला दिल्यात तेव्हा १.२ मेटाडेटाचा सुपरब्लॉक ४ केबीवर, म्हणजे सेक्टर ८ वर लिहिला गेला, बरोबर जीपीटीच्या यादीच्या मधोमध. त्यामुळे पुढच्या प्रतीचा चेकसम बिघडला. मागची प्रत मात्र तशीच राहिली, आणि का राहिली ते तुमच्याच आकड्यांत आहे: ७८१३७७२२८८ मध्ये ऑफसेटचे २६४१९२ मिळवा, ७८१४०३६४८० येतात. ४ टीबीच्या डिस्कमध्ये एकूण सेक्टर असतात ७८१४०३७१६८. म्हणजे शेवटच्या ६८८ सेक्टरना ॲरेने कधी हातच लावला नाही आणि विंडोजच्या काळातली जीपीटीची प्रत तिथे इतकी वर्षं सुखात झोपून होती.

जुन्या बायोसला जीपीटीशी देणंघेणं नव्हतं म्हणून काही झालं नाही. यूईएफआय बोर्डांपैकी काही बोर्ड मात्र चालू होताना बघतात की पुढची प्रत खराब आहे, मागची चांगली आहे, आणि मागची प्रत पुढे कॉपी करून टाकतात, कोणालाही न विचारता. सेक्टर ८ मध्ये यादीतल्या पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या पार्टिशनची जागा येते, तुमची एवढी पार्टिशन नव्हतीच, त्यामुळे तिथे शून्यं लिहिली गेली आणि सुपरब्लॉक साफ. नव्या दोन डिस्कांवर जीपीटी कधी नव्हतंच म्हणून त्या वाचल्या. लिनक्स उठेपर्यंत खेळ संपलेला होता, त्यामुळे लॉगमध्ये शोधून याचा पत्ता लागत नाही आणि लोक उगाच डेबियनच्या अपडेटला शिव्या देतात.

खरा डेटा सुरू होतो २६४१९२ व्या सेक्टरपासून, बरोबर १२९ एमबीवर. बोर्डाने लिहिलं पहिल्या १७ केबीत. म्हणून म्हणते डेटा जागेवर आहे.

आता रोल (ॲरेतली डिस्कची जागा) २ आणि ३ कोण ते माहीत आहे, ० आणि १ मध्ये एसडीबी-एसडीसी पैकी कोण कुठे हे शोधायचंय. लेफ्ट-सिमेट्रिकमध्ये पहिल्या पट्ट्याची पॅरिटी शेवटच्या डिस्कवर असते आणि डेटाचा पहिला तुकडा रोल ० वर, म्हणजे एक्स्ट ४ चं स्वतःचं डोकं रोल ० च्या डिस्कवरच सापडणार. डीडीने एसडीबी मधून पहिले १२९ एमबी सोडून पुढचा १ एमबी वाचा (बीएस १एम, स्किप १२९, काउंट १) आणि तो फाइल कमांडला पाइप करा. मग एसडीसीचं तसंच. जिच्यावर 'एक्स्ट ४ फाइलसिस्टम डेटा' असं येईल ती रोल ०. आयएफ च्या जागी ओएफ होऊ देऊ नका, कमांड दोनदा वाचून मगच एंटर.

पडावकार (देवगड)

मायझयां, त्या बोर्डाक कोणी सांगितलेला ह्या करूक! मालवणी_लेन्स, मी सांगतंय ता आयक, काय्येक खोलूच्या आधी डिस्कांर पेनान नंबर घाल आणि शिरियल नंबर वहीत लिव. केबली इकडच्या तिकडे झाल्यो की एसडीबी कोण आणि एसडीसी कोण ता देवाकच म्हायत.

मालवणी_लेन्स (मालवण)

पडावकार, लिहिले नंबर, चिकटपट्टी लावून.

मॅडम, एसडीबीवर फाइल कमांड नुसतं 'डेटा' म्हणते. एसडीसीवर 'लिनक्स रेव्ह १.० एक्स्ट ४ फाइलसिस्टम डेटा' आणि पुढे यूयूआयडी, आणि मी ठेवलेलं व्हॉल्यूमचं नाव पण आलं!! म्हणजे सी आधी आणि बी नंतर?

चिपळूणची_ॲडमिन (सध्या पुणे)

बरोब्बर. क्रम सी, बी, डी, ई. नव्या बोर्डावर केबल वेगळ्या पोर्टला लागल्या असणार. सरळसोट यांच्या सल्ल्याने बी-सी-डी-ई असं क्रिएट केलं असतं तर फाइलसिस्टम सापडलीच नसती आणि पुढचा माणूस एफएससीके कडे वळला असता.

आता गंमत म्हणजे आपल्यालाही क्रिएटच करायचंय, पण खऱ्या डिस्कवर नाही. चारही डिस्कना ब्लॉकडेव्ह --सेटआरओ करून आधी कुलूप लावा. मग प्रत्येक डिस्कसाठी एसएसडीवर ट्रंकेटने ५ जीबीची रिकामी स्पार्स फाइल बनवा, लूपसेटअपने तिला लूप डिव्हाइस करा, आणि डीएमसेटअपने डिस्क खाली, लूप वर असा स्नॅपशॉट बांधा. याला ओव्हरले म्हणतात, वाचताना मूळ डिस्क वाचली जाते, लिहिताना सगळं त्या फाइलमध्ये जातं. काही चुकलं तर फाइल उडवायची आणि परत पहिल्यापासून, डिस्कला पत्ताही लागत नाही. लिनक्स रेडच्या विकीवर याची तयार स्क्रिप्ट आहे, हाताने टाइप करत बसू नका.

एमडी१२७ स्टॉप करून मगच हे, नाहीतर डी आणि ई बिझी म्हणतील.

मग त्या मॅपरमधल्या चार नावांवर: क्रिएट, --अझ्युम-क्लीन (हे विसरायचं नाही, याच्यामुळे तो काही नव्याने बांधायला घेत नाही), मेटाडेटा १.२, लेव्हल ५, डिव्हाइसेस ४, चंक ५१२, लेआउट लेफ्ट-सिमेट्रिक, --डेटा-ऑफसेट १२९एम, आणि डिस्क सी, बी, डी, ई या क्रमाने. ऑफसेट स्वतः लिहायचा कारण एमडीएडीएमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या तो आपल्या मनाने वेगळा धरतात. झालं की एक्झामिन करून ऑफसेट २६४१९२ आणि यूज्ड साइझ पहिल्याइतकीच आलीय ना ते आकड्याला आकडा लावून बघा. मग माउंट, पण आरओ,नोलोड या ऑप्शनने.

बूट_लोडर (रत्नागिरी)

एक विचारतो, अशा वेळी एक जागा 'मिसिंग' ठेवून तीनच डिस्कवर क्रिएट करायला सांगतात ना, म्हणजे चुकून रीसिंक व्हायची भीतीच नाही?

चिपळूणची_ॲडमिन (सध्या पुणे)

सांगतात, आणि डिस्क एखादी शंकास्पद असेल तर तेच करावं. इथे चारही एकसारख्या ताज्या आहेत आणि स्टेट 'ॲक्टिव्ह' आहे, 'क्लीन' नाही, म्हणजे बोर्ड मेला तेव्हा लिहिणं चालू होतं आणि शेवटच्या काही पट्ट्यांची पॅरिटी मागेपुढे असू शकते. चौथी डिस्क वगळली तर तिचा भाग त्याच पॅरिटीवरून काढावा लागेल. चारही घेतल्या की वाचताना पॅरिटी लागतच नाही. रीसिंकची भीती ओव्हरलेमुळे आधीच गेलीय.

मालवणी_लेन्स (मालवण)

माउंट झालं!!! सगळे फोल्डर दिसतायत. मोठ्या फाइल मुद्दाम उघडून बघितल्या, ४० जीबीचं एक आख्खं नाटक पुढेमागे करून बघितलं, संकासुराच्या एंट्रीपासून शेवटपर्यंत कुठेही फाटत नाही. ज्या दिवशी वीज पडली त्या दिवशीचा एक प्रोजेक्ट फोल्डर तेवढा अर्धवट दिसतोय, त्याचं फुटेज कॅमेऱ्याच्या कार्डात आहे त्यामुळे त्याचं टेन्शन नाही. मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू, आंबे तर संपले.

आता खऱ्या डिस्कवर तीच क्रिएट कमांड मारून मोकळा होऊ का?

चिपळूणची_ॲडमिन (सध्या पुणे)

कोकमं चालतील, आगळ असेल तर अजून बरं :)

मोकळे होऊ नका. तांत्रिकदृष्ट्या मारता येईल, पण ती मागची जीपीटी प्रत अजून शेवटच्या सेक्टरमध्ये बसलेलीच आहे, पुढच्या वेळी बोर्ड परत तेच करेल. आधी आता माउंट आहे तशाच अवस्थेत सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. किती भरलंय?

मालवणी_लेन्स (मालवण)

६ टीबीच्या आसपास. एवढी मोठी एक्स्टर्नल इथे लगेच मिळत नाही, कुडाळला विचारलं तर ऑर्डर करावी लागेल म्हणतात आणि आठवडा सांगतात.

पडावकार (देवगड)

माझो भाचो गणपतीक येताहा, कोकणकन्येन. लॅमिंग्टन रोडवरसून ८ टीबीची घेवन येवक सांगतंय, कुडाळ स्टेशनार उतरून घे त्याच्याकडसून. पैशे मगे बघू.

बूट_लोडर (रत्नागिरी)

हे बेस्ट. कॉपी आरसिंकने कर, फाइल मॅनेजरमध्ये ओढून नको. यूएसबी ३ वर सेकंदाला १५० एमबी जरी मिळाले तरी ६ टीबीला ११ तास, आणि गणपतीच्या दिवसांत ११ तास सलग लाईट राहील याची गॅरंटी तुला कोण देतो? मध्ये गेली तर ओव्हरलेची जोडणी सगळी उडते, लूप, डीएमसेटअप, असेंबल परत करावं लागतं, म्हणून ते सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेव आणि आरसिंक जिथे थांबलं त्याच्या पुढे चालू होईल. डिस्कांची नावं स्क्रिप्टमध्ये एसडीबी वगैरे लिहू नको, /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधली सीरियलवाली लिही, कारण एक्स्टर्नल लावून बूट केलंस की अक्षरं परत बदलू शकतात.

खारी_हवा (अलिबाग)

एसडीईच्या १९९ चे ६ आहेत, कॉपीच्या आधी तिची केबल बदलून घ्या, शंभर रुपयांची वस्तू.

मालवणी_लेन्स (मालवण)

केबल बदलली. डिस्क आली की कॉपी सुरू करतो. त्यानंतर ॲरे परत कसा बांधू म्हणजे हे परत होणार नाही? रेड ५ च ठेवू ना?

चिपळूणची_ॲडमिन (सध्या पुणे)

कॉपी झाली आणि एक्स्टर्नलवरच्या फाइल उघडून बघितल्या, मगच पुढचं. कुलूप काढून चारही डिस्कवर वाइपएफएस -ए, तो पुढची-मागची दोन्ही जीपीटी आणि एमडीची जुनी सही काढतो. मग प्रत्येक डिस्कवर रीतसर नवं जीपीटी, एकच पार्टिशन, सेक्टर २०४८ पासून, टाइप लिनक्स रेड, शेवटी १०० एमबी मोकळे सोडून, कारण उद्या बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आणली आणि ती चार सेक्टर लहान निघाली तर ॲरे तिला घेत नाही. ॲरे त्या पार्टिशनवर बांधा. आता बोर्डाला खरं जीपीटी दिसेल, दुरुस्त करण्यासारखं काही उरणार नाही. आख्खी डिस्क द्या असं सांगणारे व्हिडिओ चुकीचे नाहीत, कोऱ्या डिस्कवर चालतंही, पण पार्टिशन करायला दोन मिनिटं लागतात आणि दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर त्या डिस्कला 'रिकामी' समजत नाही.

रेड ५ की आणखी काही, तर ६ टीबीच लागत असतील तर मी ४ डिस्कवर रेड १० किंवा रेड ६ घेईन, दोन्हींत ८ टीबी मिळतात. रेड ६ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं, रेड १० मध्ये एकाच जोडीतल्या दोन गेल्या तर नाही, पण लिहायला ते चपळ. एडिटिंगचं फुटेज थेट यावरूनच चालवत असाल तर १०, नुसतं साठवण असेल तर ६. यात माझं मत ६.

मग डिटेल-स्कॅनची ओळ कॉन्फमध्ये, अपडेट-इनिटरॅमएफएस, एफएसटॅबमध्ये यूयूआयडी आणि नोफेल, कॉन्फमध्ये मेलॲडर पण घाला म्हणजे डिस्क पडली की मेल येईल (मशीनवरून मेल जातो का ते --मॉनिटर --टेस्ट ने एकदा बघून घ्या, बहुतेकांचा जात नाही). आणि ॲरे रिकामा असतानाच रीबूट करून बघा, एकदा साधा, एकदा मागची पिन काढून पाच मिनिटं बंद ठेवून, आणि दोन्ही वेळा एमडीस्टॅट. डेटा त्याच्यानंतर भरा.

एक्स्टर्नल डिस्क मात्र पुसू नका. ती कॅबिनेटला लावून ठेवायची नाही, घरी कपाटात, आणि दर महिन्याला आरसिंक.

सरळसोट

माझा रेड १ होता म्हणून चाललं असेल बहुतेक. जीपीटीचं हे माहीत नव्हतं, माझ्या पण डिस्क आख्ख्याच आहेत. जुनी सही आहे का ते न पुसता बघता येतं का?

चिपळूणची_ॲडमिन (सध्या पुणे)

येतं. वाइपएफएस ला काहीही ऑप्शन न देता फक्त डिस्कचं नाव द्या, तो नुसती यादी दाखवतो, पुसत नाही. त्यात लिनक्स रेड मेंबर बरोबर जीपीटी पण दिसलं तर बोर्ड किंवा बायोस बदलायच्या आधी इथे येऊन विचारा.

मालवणी_लेन्स (मालवण)

आगळाच्या बाटल्या भरतोय, पत्ता मेसेज करा.